ओबदुलियाच्या वाट्याचा तुकडा

“मग बाळ गेलं कुठं?” हातातली सुरी टेबलावर ठेवत दोन्या ओबदुलियाने विचारलं.

चर्चमागच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं बसली होती आणि रोस्का संपला होता. चार टेबलं जोडून त्यांवर मांडलेलं ते गोड पावाचं भलंमोठं कडं, वर साखरेत मुरवलेली अंजिरं, संत्र्याच्या साली, सगळं फस्त. आता नुसता चुरा उरला होता. प्रत्येकाने आपला तुकडा चॉकलेटमध्ये बुडवून खाल्ला, आणि बाळ कुणाच्याच दाताखाली आलं नव्हतं.

“मी माझ्या हाताने घातलंय,” बेकरीवाला मेलितोन छातीवर हात ठेवून म्हणाला. “माझ्या मेलेल्या आईची शपथ. बोटाच्या पेराएवढं, चिनीमातीचं. भट्टीत वितळायला ते काय लोणी आहे?”

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, त्या गावात रोस्कात एकच बाळ घालत. ज्याच्या तुकड्यात ते निघेल, तो त्या वर्षी बाळ येशूचा धर्मपिता, नाहीतर धर्ममाता. त्याने चर्चमधल्या बाळाच्या मूर्तीला नवे कपडे शिवायचे, दोन फेब्रुवारीला मूर्ती छातीशी धरून मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, न्यायची, आणि मग सगळ्या गावाला तामाले, म्हणजे कणसाच्या पानात वाफवलेले मक्याचे उंडे, जेवू घालायचे. मान मोठा, पण खर्चही मोठा. त्यामुळे दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी बाळ गालात दडवून साळसूदपणे घरी जायचं. एका वर्षी तर शाळेच्या शिपायाने ते गिळलं होतं आणि दोन दिवसांनी पोट धरून फादरकडे आला होता.

पण ओबदुलियाच्या समोर असलं काही झालं, की तिचा जीव जळायचा. एकतीस वर्षं ती वेदीवरची वस्त्रं धुऊन, खळ घालून, इस्त्री करत आली होती. तिच्या घडीला नावं ठेवायची कुणाची छाती झाली नाही. आणि इतकी वर्षं कापडावर सुरकुती शोधून शोधून तिला माणसांकडेही त्याच नजरेने बघायची सवय लागली होती. रोस्का तीच कापायची, कारण तिच्या मते गावात दुसऱ्या कुणाला सरळ कापता येत नसे. स्वतःचा तुकडा ती सगळ्यांत शेवटी घ्यायची आणि तोही तिथं खायची नाही. “आधी लोकांचं होऊ दे बाई,” असं चार जणांना ऐकू जाईल इतपत म्हणून तो रुमालात बांधायची आणि पिशवीत टाकायची. लोकही मानाने ‘दोन्या’ लावून म्हणायचे, दोन्या ओबदुलियासारखी तीच. ते ऐकून तिला किती बरं वाटायचं, हे तिलाच माहीत.

“तोंडं उघडून दाखवायची का आता?” मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉलभर हशा पिकला.

“हसा, हसा,” ओबदुलिया म्हणाली. “ज्याने लपवलंय त्याने मला नाही फसवलेलं, देवाला फसवलंय. आणि मला काही नवल नाही वाटत. सात-सात वर्षं लग्नाशिवाय एका छपराखाली राहायला ज्यांना लाज नाही, त्यांना शालीत बाळ दडवायला कसली आलीय लाज?”

तिने नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळ्या माना दाराशी बसलेल्या तोमासाकडे वळल्या. तोमासा बसथांब्यावर तळण विकायची, मिस्साला उशिरा यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि फादरच्या साध्या विनोदालाही खो-खो हसायची. फिदेलबरोबर तिचा संसार होता, पण चर्चमध्ये लग्न लागलेलं नव्हतं. आणि आज तिने एक तुकडा खाऊन एक घरी न्यायला बांधून घेतलेला ओबदुलियाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

फिदेल ताडकन उठला. तोमासाने त्याचा हात धरून त्याला खाली बसवला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. तिने एकदा सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. कोपऱ्यात ब्याऐंशी वर्षांची क्रिसान्ताआजी तोंडावर शाल धरून, मान खाली घालून बसली होती. तोमासा तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली आणि मग हसली.

“सापडले बाई सापडले!” ती दोन्ही हात वर करून म्हणाली. “बाळ माझ्याकडे आहे. तामाले मी देणार. पण आत्ताच सांगून ठेवते, तिखट करणार. नाकातून पाणी आलं तर मला बोल लावायचा नाही.”

फादर एलादिओंनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या, लोकांनीही वाजवल्या. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. ओबदुलियाने चुरा गोळा केला, टेबल पुसलं, आणि आपलं कसं बरोबर निघालं या समाधानात ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा सिप्रियानो न्याहारीला बसला. आयुष्यभर गावाच्या पाण्याच्या पंपांशी झुंजून आता तो निवृत्त झाला होता. दात कवळीचे, पण खायची हौस मूळची. ओबदुलियाने रुमाल सोडून तुकडा त्याच्या बशीत ठेवला. तो दरवर्षी त्यालाच मिळायचा.

कट् असा आवाज झाला.

“अगं आई गं!” सिप्रियानोने तोंडात बोटं घातली. आधी कवळीच्या दाताचा एक टवका बाहेर आला. त्याच्या मागोमाग बाळ. त्याने ते पाण्याच्या पेल्यात बुडवून धुतलं, डोळ्यांपुढे धरलं आणि बायकोकडे बघितलं.

“ओबदुलिया,” तो गंभीरपणे म्हणाला, “अभिनंदन. आपल्याला बाळ झालं.”

आणि मग त्याला जे हसू फुटलं, ते आवरेचना. टेबलावर डोकं टेकून तो हसत होता.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी ओबदुलियाला फक्त आनंद झाला. एकतीस वर्षं! एकतीस वर्षं तिने रोस्का कापला आणि बाळ कधी तिच्या वाट्याला आलं नव्हतं. दर दोन फेब्रुवारीला दुसऱ्या कुणाच्या तरी छातीशी मूर्ती बघून तिच्या पोटात तुटायचं. मूर्तीला कसले कपडे शिवायचे, ते तिने मनात कितीदा तरी बेतून ठेवलं होतं. तिने हात पुढे केला, बाळ तळहातावर घेतलं, आणि मग तिला कालची सगळी हकिकत आठवली. तिने मूठ मिटली.

“सिप्रियानो, तोंड मिटून ठेवायचं. कुणाला एक शब्द बोलायचा नाही.”

“मिटलं तरी फट राहणार आता. दात तुटलाय.”

“चेष्टा नको रे! तुला कळतंय का? सगळ्यांसमोर बोलले मी तिला.”

“मी होतो की तिथं. ऐकलं.”

“पण मग ती कशाला कबूल झाली?” ओबदुलियाला एकदम उभारी आली. “तिच्याकडे नव्हतंच, तरी हो म्हणाली! म्हणजे खोटंच बोलली ना? बघ, मी म्हणतच होते, त्या बाईचा काही भरवसा नाही.”

सिप्रियानो हसायचा थांबला. त्याने बशीतला उरलेला तुकडा उचलला, नीट चाचपून बघितला आणि खाल्ला. “चांगला झालाय या वर्षी,” एवढंच म्हणाला आणि उठून अंगणात गेला.

ओबदुलियाने बाळ एप्रनच्या खिशात टाकलं. तिथून ते तिला काढवेना आणि तिथं ठेववेना. दुसऱ्या आठवड्यात तिने सिप्रियानोकडून तोमासाच्या घरी मक्याचं पोतं पाठवलं, कुणी दिलं ते सांगायचं नाही अशी ताकीद देऊन. सिप्रियानो परत आला तो ताट घेऊन. वर बटाट्याचं गरम तळण.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, दोन्या ओबदुलियाला सांगा, फार उपकार झाले.”

“तू सांगितलंस!”

“मी कशाला सांगू? पोत्याचं तोंड कसं शिवलं होतंस ते आठव की. असा सरळ टाका गावात दुसरा कुणाचा असतो का?”

ओबदुलियाने ते तळण खाल्लं नाही. म्हणजे एकच खाल्लं. ते चांगलं होतं, याचाही तिला राग आला.

शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडे फादर एलादिओंना सर्दी झाली होती. ओबदुलियाने आपली नेहमीची यादी सुरू केली. संध्याकाळच्या प्रार्थनेत दोनदा डुलकी लागली, शुक्रवारी मांसाचा रस्सा चुकून चाखला, रोस्कातलं बाळ माझ्याकडे निघालं, मांजराला लाथ मारली, नवऱ्यावर ओरडले...

“मांजराच्या आधीचं परत सांगा,” फादर म्हणाले.

ओबदुलियाने हातातल्या रोझरीचा एक मणी पुढे सरकवला.

“दोन्या ओबदुलिया?”

“मी गुडघ्यांवर पंचवीस रोझरी करते फादर. पन्नास करते.”

“रोझरी तुम्ही अशाही करता. तुम्हाला त्याचं काय?” फादरनी नाक शिंकरलं. “हे बघा, इथलं मी बाहेर बोलू शकत नाही. माझ्या तोंडाला कुलूप आहे. तुमच्या तोंडाला नाही.”

“लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील?”

“म्हणतील, ओबदुलिया चोरटी. लबाड. एवढी वर्षं चर्चमध्ये असून...”

“म्हणजे तोमासाला म्हणतायत तेच.”

ओबदुलियाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तोमासाला लोक तसं म्हणत होते हे तिने कानांनी ऐकलं होतं. बसथांब्यावर मुलं ‘बाळचोर’ म्हणून ओरडून पळायची, आणि तोमासा झारा उगारून त्यांच्यामागे हसत धावायची. ते हसणं ओबदुलियाला निर्लज्जपणाचं वाटलं होतं. आता पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की घरी गेल्यावर ती बाई हसत असेल का?

तरी पुढचे आठ-दहा दिवस तिच्याच्याने बोलवलं नाही. दोनदा ती बसथांब्यापर्यंत गेली आणि मिरच्या विकत घेऊन परत आली. घरात मिरच्याच मिरच्या झाल्या. सिप्रियानो म्हणाला, “आता तरी बोल बाई. माझ्या पोटाचा विचार कर.”

एक फेब्रुवारीच्या दुपारी गावातल्या बायका तोमासाच्या अंगणात तामाले बांधायला जमल्या. धर्ममाता कुणीही असो, हात लावायला सगळ्याच जातात. लांब टेबलावर मक्याच्या पिठाचा डोंगर, पाण्यात मऊ केलेली कणसाची पानं, लाल आणि हिरव्या रश्शाची पातेली. पानावर पीठ पसरायचं, मध्ये मांस आणि रस्सा घालायचा, गुंडाळायचं, पुढचं घ्यायचं. फिदेल बाह्या सरसावून पीठ मळत होता आणि बायका त्याची थट्टा करत होत्या. ओबदुलिया दारात उभी राहिली, तेव्हा आवाज एकदम खाली आला.

“या, या दोन्या ओबदुलिया!” तोमासा पिठाचे हात घेऊनच पुढे आली. “बरं झालं आलात. माझी अब्रू वाचवा. बाळाचा झगा शिवलाय, पण इस्त्री करायला गेले आणि एक बाही जाळली. नवी लावलीय. आता मला हात लावायची भीती वाटते.”

तिने आतून झगा आणला. पांढऱ्या कापडाचा, गळ्याशी निळी वेल. टाके वाकडेतिकडे, एक बाही दुसरीपेक्षा तसूभर लांब. ओबदुलियाच्या ओठांवर शब्द आलेच होते. पण तिला दिसलं, की त्या वाकड्या वेलीचं प्रत्येक पान दोन-दोनदा उसवून पुन्हा घातलेलं आहे. सुईची भोकं दिसत होती. ही बाई, जिच्याकडे बाळ कधी आलंच नाही, ती दिवसभर तळणापुढे उभी राहून घरी आल्यावर ही पानं घालत बसली होती.

ओबदुलियाने खिशात हात घातला आणि बाळ टेबलावर पिठाशेजारी ठेवलं.

“हे माझ्या तुकड्यात होतं,” ती म्हणाली. टोकाच्या बायकांना ऐकू गेलं नव्हतं, म्हणून ती पुन्हा मोठ्याने म्हणाली. “माझ्या तुकड्यात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच सापडलं. सव्वीस दिवस मी गप्प बसले. तोमासाने काहीही चोरलं नाही. मी तिला सगळ्यांदेखत नको ते बोलले. तोमासा, मला क्षमा कर.”

तोमासा डोळे विस्फारून बाळाकडे बघत होती.

“म्हणजे,” ती हळूच म्हणाली, “ते क्रिसान्ताआजीकडे नव्हतं?”

“माझ्याकडे?” टेबलाच्या टोकाशी बसलेली क्रिसान्ताआजी किंचाळली. “माझ्याकडे कुठून?”

“अहो आजी, तुम्ही तोंडावर शाल धरून खाली मान घालून बसला होतात! मला वाटलं, म्हातारीला सापडलंय, घरात मक्याचा दाणा नाही, घाबरलीय बिचारी. म्हणून मी...”

“अगं, ढेकर येत होते मला! फादरसमोर ढेकर देऊ का? आणि बाळ सापडलं असतं तर मला कळलं तरी असतं का? दात आहेत कुठं? सरळ पोटात गेलं असतं!”

आधी फिदेल हसला. मग सगळं अंगण. तोमासा तर टेबल धरून खाली बसली, हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता तिने ओबदुलियाच्या कमरेला मिठी मारली. काळ्या झग्यावर पिठाचे दोन पंजे उमटले. ओबदुलियाने ते झटकले नाहीत. तिला स्वतःला रडू येत होतं आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं इतकं हलकं वाटत होतं, की तिला त्याची लाजच वाटली.

“मग आता धर्ममाता तुम्हीच,” तोमासा डोळे पुसत म्हणाली. “मूर्ती तुम्ही घ्यायची. तुमचा हक्क आहे.”

बायकांनी ओबदुलियाकडे बघितलं. एकतीस वर्षं ओबदुलियाला काय हवं होतं, ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं? ओबदुलियालाही क्षणभर मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला.

“झगा तू शिवलास,” ती म्हणाली. “बाळ तू न्यायचं. मला इस्त्री दे. आणि उद्या मिस्साच्या वेळी भट्टीपाशी कुणीतरी लागेल ना? ते मी बघते.”

“पण मिस्सा? तुमची मिस्सा चुकेल!”

“पहाटेच्या मिस्साला जाते की मी. माझ्यावाचून मोठ्या मिस्साचं काही अडत नाही.” हे वाक्य आपण बोललो, याचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सगळं गाव चर्चमध्ये गेलं. तोमासाच्या अंगणात तीन मोठ्या पातेल्यांत तामाले वाफवायला ठेवले होते आणि त्यांच्यापाशी ओबदुलिया आणि क्रिसान्ताआजी. आजीला चालवत नव्हतं. लांबून गाणी ऐकू येत होती. ओबदुलिया लाकडं सारत होती, पाणी बघत होती. बाळाच्या झग्याला तिने कालच इस्त्री करून दिली होती; एक बाही लांब होती ती लांबच राहिली, तिला तिने हात लावला नव्हता.

अकरा वाजता तिने झाकण उघडून एक तामाल सोडला. पीठ पानाला चिकटलेलं, कच्चं. दुसऱ्या पातेल्यातही तेच. तिसऱ्यातही. अर्ध्या तासात गाव जेवायला येणार होतं, आणि तोमासाची फजिती होणार होती.

“कुणीतरी रागात आहे,” क्रिसान्ताआजी म्हणाली. “भट्टीपाशी कुणाच्या मनात राग असला, की तामाले शिजत नाहीत. तुला माहीतच आहे.”

“कसला राग? मला कुणाचा राग नाही.”

“मग माझ्या मनात आहे होय? या वयात रागवायची ताकद असते का माझ्यात?”

ओबदुलियाने लाकूड आत ढकललं. मग म्हणाली, “माझाच येतोय मला. सव्वीस दिवस, आजी. कसली माणसं आपण.”

“तेही पातेल्याला कळतं,” आजी म्हणाली. “चल, नाच.”

पातेलं रुसलं, की त्याच्याभोवती नाचायचं, ही त्या गावची रीत. ओबदुलियाने आयुष्यात ते केलं नव्हतं. खुळचट बायकांचे चाळे, असं ती म्हणायची आणि तसं त्यांना तोंडावर ऐकवायची.

“मी? अडुसष्ट वर्षांची?”

“मी ब्याऐंशीची आहे, नाहीतर मीच नाचले असते. नाच गं, तोमासाची अब्रू जाईल.”

ओबदुलियाने इकडेतिकडे बघितलं. एप्रन सारखा केला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. क्रिसान्ताआजी हाताने बाकावर ठेका धरून बेसूर गायला लागली. ओबदुलियाने झगा दोन्ही हातांनी घोट्यांवर उचलला आणि पहिल्या पातेल्याला एक फेरी घातली. गुडघा करकरला. दुसऱ्या फेरीला तिला हसू आलं, तिसऱ्या फेरीला ती टाचा आपटायला लागली, आणि आजी म्हणाली, “अगं बया, हे तू कुठं शिकलीस?”

“लग्नात! माझ्या स्वतःच्या लग्नात!” ओबदुलिया धापा टाकत ओरडली.

चर्चहून येणाऱ्या लोकांचं गाणं दाराशी थांबलं, ते तिला कळलं नाही. सगळं गाव येऊन उभं होतं. पुढे तोमासा, छातीशी पांढऱ्या झग्यातलं बाळ. शेजारी फादर एलादिओ, मागे तुटक्या दाताने हसणारा सिप्रियानो. ओबदुलियाची त्यांच्यावर नजर गेली, तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला, पण ती थांबली नाही. दोन पातेली अजून राहिली होती.